सर्व्हरचा बॅकअप विकेंद्रित साठवणीवर पोचत नाही, किंवा पोचतो पण परत मिळत नाही: तपासायचं कुठून?

स्टोर्ज, आयपीएफएस, फाइलकॉइन किंवा सिया या विकेंद्रित साठवणींवर (डेटा एकाच कंपनीच्या सर्व्हरऐवजी अनेकांच्या मशीनवर ठेवणारी नेटवर्क) कमांड लाइनमधून सर्व्हरचा बॅकअप पाठवताना एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत समोर येते. आधी लक्षणं बघा.

- हाताने कमांड दिली की बॅकअप नीट होतो. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) चालला की लॉग रिकामा, नाहीतर ‘कमांड सापडली नाही’.
- एरर नाही, एक्झिट कोड शून्य, पण तयार झालेली फाइल नेहमीपेक्षा फारच लहान.
- अपलोड सुरू होतो आणि थोड्या वेळाने ‘खूप जास्त फाइल उघड्या आहेत’ असं सांगून थांबतो. त्याच सुमारास सर्व्हरवरची वेबसाइटही अडखळायला लागते.
- मोठी फाइल दरवेळी साधारण 48 जीआयबीच्या आसपासच तुटते.
- दुसऱ्या मशीनवरून पाहिलं तर बकेट (साठवणीतला फाइलचा कप्पा) रिकामी दिसते.
- आयपीएफएसवर टाकलेली फाइल आपला सर्व्हर बंद झाला की कुठूनच उघडत नाही.
- पूर्वी मिळणारा जुना बॅकअप आता मिळत नाही.

हा बिघाड मी वेगवेगळ्या सर्व्हरवर पुन्हा पुन्हा काढला आहे आणि त्यावरून माझं मत पक्कं झालंय: संशय सगळ्यात शेवटी नेटवर्कवर घ्यावा. जगभर पसरलेल्या नोड्सवर (डेटा ठेवणाऱ्या मशीनवर) बोट ठेवणं सोपं असतं, पण दोष बहुतेक वेळा आपल्याच मशीनवर सापडतो. शिवाय ‘डेटा गेला का’ आणि ‘डेटा परत मिळतो का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विकेंद्रित साठवणीत त्या दोघांमधलं अंतर साध्या एफटीपी सर्व्हरपेक्षा खूप जास्त असतं.

खाली कमांडची आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

सगळ्यात आधी जुने बॅकअप पुसणं थांबवा

ही तपासणी नाही, पण तिच्याआधी करायलाच हवी. रेस्टिक (बॅकअप घेणारं टूल) वापरत असाल तर जुन्या प्रती काढणाऱ्या फरगेट आणि प्रूनच्या ओळी स्क्रिप्टमधून तात्पुरत्या काढा. आरक्लोनचं (साठवणीवर फाइल पाठवणारं टूल) सिंक वापरत असाल तर त्याजागी कॉपी लावा. नवे बॅकअप बिघडलेले असतील आणि जुने ठरल्या दिवशी पुसले जात असतील, तर तुम्ही कारण शोधत असतानाच शेवटची चांगली प्रत निघून जाईल.

सिंकबद्दल जास्तच काळजी घ्या. पलीकडची बाजू हुबेहूब अलीकडच्यासारखी करणं हे त्याचं काम. डेटाची डिस्क रीबूटनंतर माउंटच झाली नसेल, तर सिंकला तिथे रिकामी डिरेक्टरी दिसते आणि ते पलीकडचंही सगळं पुसतं. सिंक ठेवायचंच असेल तर मॅक्स-डिलीट हा पर्याय लावून एका वेळी किती फाइल पुसता येतील यावर मर्यादा घाला, आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट कमांडने डिस्क जागेवर असल्याची खात्री करा.

1. जागा, घड्याळ, मुदत

डीएफ कमांड दोनदा चालवा: एकदा मोकळ्या जागेसाठी, एकदा आय-नोडसाठी (डिस्कवर प्रत्येक फाइलला लागणारी नोंद). बॅकअपची टूल तात्पुरत्या फाइल आणि कॅशे स्थानिक डिस्कवर ठेवतात. टेम्प डिरेक्टरी भरली की अपलोड मध्येच मरतो, आणि एरर मात्र नेटवर्कची असल्यासारखी दिसते. जागा भरपूर पण आय-नोड संपलेले, हेही लाखो छोट्या फाइल असलेल्या सर्व्हरवर होतं.

मग टाइमडेटसीटीएल, म्हणजे घड्याळ दाखवणारी कमांड. एस3 (अ‍ॅमेझॉनची, पण इतरही वापरतात ती साठवणीची पद्धत) पद्धतीच्या सहीमध्ये वेळ गुंफलेली असते आणि साधारण 15 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की विनंती नाकारली जाते. घड्याळ चुकलं असेल तर एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) सुरू करा, बाकी काही करावं लागत नाही.

तिसरं म्हणजे मुदत. अ‍ॅक्सेस ग्रँट (स्टोर्जचा प्रवेश-परवाना) किंवा की तयार करताना संपण्याची तारीख घातली होती का? खात्यात शिल्लक आहे का? सियावर वॉलेट रिकामं असेल तर होस्टबरोबरचे (जागा भाड्याने देणाऱ्यांबरोबरचे) करार पुढे नूतनीकरण होत नाहीत, आणि त्याचा परिणाम आज न दिसता उशिरा दिसतो.

2. क्रॉन

‘हाताने चालतं, आपोआप चालत नाही’ हे लक्षण असेल तर इथेच थांबून नीट बघा. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त बिघाड इथेच निघतात.

क्रॉनला तुमच्या लॉगिनचं वातावरण मिळत नाही. त्याचा पाथ बहुतेक ठिकाणी फक्त यूएसआर-बिन आणि बिन एवढाच असतो. अपलिंक (स्टोर्जचं टूल), आरक्लोन किंवा कुबो (आयपीएफएसचं टूल) यूएसआर-लोकल-बिनमध्ये असेल तर ते क्रॉनला सापडत नाही. उपाय साधा आहे: स्क्रिप्टमध्ये प्रत्येक टूलचा पूर्ण पाथ लिहा.

दुसरी गोष्ट होम डिरेक्टरीची. आरक्लोन आपली कॉन्फिग फाइल चालवणाऱ्या युजरच्या होममध्ये शोधतं. तुम्ही स्वतःच्या युजरने कॉन्फिग केलं आणि क्रॉन रूटच्या नावाने लावला, तर त्या रूटला तुमचा रिमोट (पलीकडच्या साठवणीची नोंद) ठाऊकच नसतो. आयपीएफएसमध्ये हाच प्रकार जास्त फसवा होतो. कुबोचा साठा होममधल्या डॉट-आयपीएफएस डिरेक्टरीत असतो, त्यामुळे दोन युजर म्हणजे दोन वेगळे साठे. एकात फाइल टाकली जाते, डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) मात्र दुसऱ्यावर चालत असतो, आणि बाहेरच्या कुणालाही ती फाइल दिसत नाही. स्क्रिप्टमध्ये आयपीएफएस-पाथ हा व्हेरिएबल उघडपणे लिहिला की हा घोळ संपतो.

तिसरी गोष्ट टक्क्याच्या चिन्हाची. क्रॉनटॅबच्या ओळीत हे चिन्ह म्हणजे ओळ संपली असा अर्थ होतो. फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी डेट कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिली की कमांड तिथेच कापली जाते. चिन्हाआधी उलटा तिरका दांडा द्या, किंवा त्याहून बरं, सगळं स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवा आणि क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचा पाथ लिहा.

शेवटचं: कालचा बॅकअप अजून चालू असताना आजचा सुरू होतो का? एफलॉक लावा, म्हणजे एका वेळी एकच चालेल. रेस्टिक ‘रिपॉझिटरी आधीच लॉक आहे’ म्हणत असेल तर लगेच अनलॉक चालवू नका. त्या लॉकमागची प्रक्रिया खरंच मेली आहे ना, हे पीएस कमांडने बघा. रिपॉझिटरीवर दुसऱ्या कुठल्या मशीनवरूनही काम चालत असेल तर तिथेही बघा. चालू प्रूनखालून लॉक काढणं धोक्याचं आहे.

3. पाइपमधून गळती

बरेच जण डेटाबेसचा डंप, त्याचं कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन आणि अपलोड हे सगळं एकाच पाइपमध्ये जोडतात. पद्धत चांगली आहे, कारण स्थानिक डिस्कवर जागा लागत नाही. अडचण अशी की शेल डीफॉल्टने फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड सांगतो. डंप पहिल्याच मिनिटाला पडला तरी अपलोड त्याला मिळालेले थोडे बाइट व्यवस्थित पोचवतो आणि शून्य परत देतो. ‘एरर नाही पण फाइल लहान’ हे लक्षण इथून येतं.

बॅशमध्ये सेट कमांडने पाइपफेल चालू करा, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशच आहे याची खात्री करा, कारण साध्या एसएच शेलमध्ये तो पर्याय असेलच असं नाही. पाइपफेल लावलं तरी अर्धवट फाइल वर जायची ती जातेच, फक्त तुम्हाला कळतं. म्हणून अपलोडनंतर आकाराची तुलना कालच्या फाइलशी करणारी एक ओळ मी नेहमी घालतो. आकार अचानक निम्म्याने घटला की स्क्रिप्टने ओरडलं पाहिजे.

इथेच आणखी एक सांगतो. चालू डेटाबेसच्या फाइल तशाच टारमध्ये भरू नका. टार ‘वाचत असताना फाइल बदलली’ अशी सूचना देतं आणि पुढे जातं, पण ती प्रत परत उभी राहीलच याची शाश्वती नसते. पीजी-डंप, किंवा मायएसक्यूएल-डंपला सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय (हा इनोडीबी टेबलसाठी) लावून घेतलेला डंप हाच वर पाठवा.

4. रिकामी बकेट: पासफ्रेज आणि परवानग्या

स्टोर्जवर दुसऱ्या मशीनवरून बकेट रिकामी दिसली की लोक घाबरून सगळा डेटा पुन्हा अपलोड करायला लागतात. तसं करू नका. स्टोर्जच्या अ‍ॅक्सेस ग्रँटमध्ये तीन गोष्टी असतात: सॅटेलाइटचा (स्टोर्जचा समन्वय करणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता, एपीआय की आणि पासफ्रेजपासून बनवलेली एन्क्रिप्शनची किल्ली. फाइलची नावंसुद्धा एन्क्रिप्ट होतात. वेगळ्या पासफ्रेजने बनवलेल्या ग्रँटमधून पाहिलं तर ‘पासफ्रेज चुकीची’ असा निरोप येत नाही, नुसती रिकामी यादी दिसते.

अपलिंकच्या एलएस कमांडला एन्क्रिप्टेड हा पर्याय देऊन बघा. नावं न उलगडता तशीच दिसली तर डेटा जागेवर आहे आणि हातातली पासफ्रेज दुसरी आहे. मूळ सर्व्हरवरची कॉन्फिग काढा आणि तिच्यातल्या ग्रँटनेच बघा. यादी दिसली की तो ग्रँट, आणि माहीत असेल तर पासफ्रेजही, त्याच सर्व्हरच्या बाहेर दोन ठिकाणी लिहून ठेवा. ज्या मशीनचा बॅकअप आहे तिच्यावरच एकमेव किल्ली असेल तर मशीन गेल्यावर बॅकअपही गेला.

परवानग्यांचं दुखणं वेगळं. सर्व्हरला फक्त लिहिण्याची परवानगी द्यायची ही कल्पना चांगली आहे, कारण घुसखोराला जुने बॅकअप पुसता येत नाहीत. पण आरक्लोन लिहिण्याआधी तिथे काय आहे ते बघू पाहतं, आणि यादी किंवा वाचण्याची परवानगी नसेल तर 403 (मनाई आहे) ही एरर मिळते. रेस्टिकला तर काम संपल्यावर स्वतःची लॉक फाइल पुसायची असते, आणि पुसण्याची परवानगी पूर्ण काढली तर लॉक साचत जातात. टूलला नेमकं काय लागतं ते बघून परवानगी ठरवा. घाईत सगळ्या परवानग्या दिल्या की बिघाड जातो, पण संरक्षणही जातं.

5. जोडण्यांचा पूर

विकेंद्रित साठवण सर्व्हरवर भारी पडते ती इथे. स्टोर्ज फाइलचे 64 एमआयबीपर्यंतचे सेगमेंट करतं आणि प्रत्येक सेगमेंट रीड-सोलोमन पद्धतीने तुकड्यांत फोडून वेगवेगळ्या नोडवर पाठवतं. त्याच्या परिचित मांडणीत 80 तुकडे साठवले जातात आणि त्यातल्या कुठल्याही 29 वरून सेगमेंट परत जोडता येतो. म्हणजे मूळ प्रोटोकॉलने 1 जीबी पाठवायचा तर आपल्या लाइनवरून साधारण पावणेतीन जीबी बाहेर जातो. आरक्लोनचा दस्तऐवज एका अपलोड प्रवाहासाठी सुमारे 110 टीसीपी जोडण्या धरून चालायला सांगतो. लिनक्स प्रत्येक जोडणी उघड्या फाइलमध्ये मोजतं, आणि अनेक ठिकाणी ती मर्यादा 1024 असते. दहा फाइल एकदम पाठवल्या की गणित कोलमडतं.

आधी स्वस्त उपाय. ट्रान्सफर्सची (एकदम पाठवल्या जाणाऱ्या फाइलची) संख्या 1 किंवा 2 वर आणा. बॅकअप पूर्ण झाला तर कारण सापडलं. मग यूलिमिटने मर्यादा वाढवा; आरक्लोनच्या दस्तऐवजात 65536 सुचवलं आहे. सिस्टमडीच्या सर्व्हिसमधून चालवत असाल तर लिमिट्स-कॉन्फ फाइलमधला बदल तिला लागू होत नाही. सर्व्हिसच्या फाइलमध्येच लिमिट-नोफाइल लिहावं लागतं. हे न कळल्यामुळे खूप वेळ वाया गेलेला मी पाहिला आहे.

बॅकअप सुरू असताना वेबसाइटही अडखळत असेल तर डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा. तिथे एनएफ-कॉनट्रॅकचं टेबल भरल्याची ओळ असेल तर फायरवॉलची जोडण्या लक्षात ठेवण्याची क्षमता संपली आहे, आणि त्यापायी ग्राहकांच्या जोडण्याही नाकारल्या जात आहेत.

एकही बाइट जात नसेल तर बाहेर जाणारी फायरवॉल तपासा. स्टोर्जचा सॅटेलाइट 7777 वर बोलतो आणि नोडचा डीफॉल्ट पोर्ट 28967 असतो, पण नोडचालक तो बदलू शकतो, त्यामुळे पोर्टची यादी करून नियम लिहिणं जमत नाही. अशा ठिकाणी एस3 गेटवे (आपल्या आणि नोड्सच्या मधला सर्व्हर) वापरावा. तो 443 वर चालतो, जोडण्या थोड्या लागतात आणि पावणेतीन पटीचा भारही आपल्या लाइनवर येत नाही. बदल्यात एन्क्रिप्शन आपल्या मशीनऐवजी गेटवेवर होतं. म्हणून गेटवेच्या मार्गाने पाठवताना डेटा आधीच एन्क्रिप्ट करा. रेस्टिक ते स्वतःच करतं. साध्या सर्व्हरसाठी रेस्टिक आणि गेटवे ही जोडी मला सगळ्यात कमी त्रासाची वाटते.

6. 48 जीआयबीची भिंत

एस3 पद्धतीत एका अपलोडचे जास्तीत जास्त 10,000 भाग होतात. आरक्लोनचा भाग डीफॉल्टने 5 एमआयबीचा असतो. फाइलचा आकार आधी माहीत असेल तर आरक्लोन भाग मोठे करून घेतं, पण आरकॅट कमांडने पाइपमधून येणाऱ्या प्रवाहाचा आकार त्याला कळू शकत नाही. 10,000 आणि 5 एमआयबीचा गुणाकार 48 जीआयबीच्या आसपास येतो (1024 एमआयबीचा एक जीआयबी) आणि अपलोड तिथेच तुटतो. चंक-साइज 64 एमआयबी करा. ते स्टोर्जच्या सेगमेंटशीही जुळतं. मात्र प्रत्येक प्रवाहाचे काही भाग एका वेळी मेमरीत धरले जातात, त्यामुळे लहान सर्व्हरवर मोकळी रॅम बघूनच आकडा वाढवा.

तुटलेल्या अपलोडचे भाग पलीकडे तसेच पडून राहतात आणि जागा खातात. आरक्लोनची क्लीनअप कमांड 24 तासांपेक्षा जुने अर्धवट अपलोड काढून टाकते.

7. आयपीएफएस: टाकलं म्हणजे साठवलं नव्हे

आयपीएफएसमध्ये अ‍ॅड कमांड दिली की सीआयडी (फाइलच्या मजकुरावरून बनलेला तिचा पत्ता) मिळतो, आणि फाइल नेटवर्कवर गेली असं वाटतं. प्रत्यक्षात ती फक्त आपल्याच नोडवर असते. दुसऱ्या कुणी मागितली तर त्याला मिळते, पण आपोआप प्रत कुठेही होत नाही. सर्व्हरचा एकमेव बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर, अशी ही अवस्था आहे.

दुसऱ्या नेटवर्कवरच्या मशीनवरून, आपला डिमन बंद ठेवून, तो सीआयडी मागून बघा. एवढी एकच चाचणी बस आहे. फक्त लक्षात ठेवा की नुकताच एखाद्या गेटवेवरून उघडलेला सीआयडी त्याच्या कॅशेतूनही मिळू शकतो. कधीच न मागितलेली फाइल घ्या.

पिनिंग सेवा (फाइल पिन करून, म्हणजे पुसली जाऊ नये अशी धरून ठेवणारी) वापरत असाल तर पिन-रिमोट-एलएस चालवताना क्यूड, पिनिंग आणि फेल्ड या स्थिती मुद्दाम मागा. ही कमांड डीफॉल्टने फक्त पूर्ण झालेले पिन दाखवते, त्यामुळे अडकलेले डोळ्यांआड राहतात. सेवेला डेटा आपल्या नोडकडूनच ओढायचा असतो, म्हणून पिन पूर्ण होईपर्यंत डिमन चालू आणि 4001 पोर्ट बाहेरून पोचण्याजोगा हवा.

दुसऱ्या नोडवरही फाइल असेल, पण पिन नसेल, तर गार्बेज कलेक्शन (पिन नसलेल्या डेटाची सफाई) चालल्यावर ती जाते. कुबोची साठ्याची डीफॉल्ट मर्यादा 10 जीबी आहे. ती ओलांडल्यावर आपोआप सफाई व्हायची तर डिमन त्या पर्यायासह चालू केलेला असावा लागतो.

आणि आयपीएफएस काहीही एन्क्रिप्ट करत नाही. सीआयडी ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल मिळेल. डेटाबेस, ईमेल, ग्राहकांची माहिती कधीही उघडी टाकू नका. पिन काढल्याने दुसऱ्यांनी घेतलेल्या प्रती परत येत नाहीत.

8. जुना बॅकअप नाहीसा होतो तेव्हा

फाइलकॉइनवरचे करार मुदतीचे असतात. बाजारातल्या कराराची किमान मुदत 180 दिवस आहे. मुदत संपल्यावर साठवणाऱ्याने डेटा ठेवलाच पाहिजे असं बंधन नसतं. करार कधी संपतो आणि नूतनीकरण कोण करतं, ते लिहून ठेवा. मध्ये सेवा असेल तर तिला लेखी विचारा.

सियामध्ये रेंटरडी (साठवण घेणाऱ्याच्या बाजूचा प्रोग्राम) चालू राहिलं तरच करारांचं नूतनीकरण आणि तुकड्यांची दुरुस्ती होते. शिवाय कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत आहे ही नोंद त्याच्या स्थानिक डेटाबेसमध्ये असते. वॉलेटच्या नुसत्या सीड शब्दांवरून फाइल परत मिळत नाहीत. तो डेटाबेस वेगळ्या ठिकाणी जपा.

9. खरी चाचणी: परत आणून बघा

ही शेवटी ठेवली, कारण वेळ आणि डाउनलोडचा खर्च लागतो. मल्टिपार्ट (भागाभागांतल्या) अपलोडचा ईटॅग (साठवणीने फाइलला दिलेली खूण) म्हणजे फाइलचा एमडी5 (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नसतो, त्यामुळे त्यावरून केलेली तुलना दिशाभूल करते. आरक्लोनच्या चेक कमांडला डाउनलोडचा पर्याय द्या. रेस्टिकमध्ये चेकला रीड-डेटा-सबसेट देऊन दर आठवड्याला डेटाचा वेगळा हिस्सा वाचून घ्या. नुसतं चेक फक्त रचना तपासतं, आतला डेटा वाचत नाही. मग एका कोऱ्या मशीनवर, फक्त बाहेर लिहून ठेवलेल्या किल्ल्या वापरून, डेटाबेस उभा करा आणि त्यात अगदी अलीकडची नोंद शोधा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डीमेसेजमध्ये मूळ डिस्कच्या इनपुट-आउटपुट एरर दिसत असतील तर बॅकअप पुन्हा पुन्हा चालवू नका. प्रत्येक वाचन मरत्या डिस्कवर ताण टाकतं. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

फाइलची नावं बदललेली किंवा खंडणीची चिठ्ठी सापडली तर सर्व्हर नेटवर्कपासून तोडा, बॅकअपच्या किल्ल्या दुसऱ्या मशीनवरून रद्द करा आणि सुरक्षा तज्ज्ञाला गाठा. वैयक्तिक माहिती आयपीएफएसवर उघडी गेली असेल तर तांत्रिक माणसाबरोबर कायद्याचा सल्लाही लागेल.

कॉनट्रॅक किंवा फायरवॉलचा दोष सामायिक राउटरवर असेल तर तिथले आकडे स्वतः बदलू नका, नेटवर्क सांभाळणाऱ्याला सांगा. उरलेली एकमेव प्रत अर्धवट उघडत असेल तर तिच्यावर दुरुस्तीच्या कमांड चालवण्याआधी डेटाबेस तज्ज्ञाला दाखवा.

पासफ्रेज हरवली असेल आणि कुठल्याही जुन्या कॉन्फिगमध्ये ग्रँट उरला नसेल, तर कुणीही डेटा परत देऊ शकत नाही. पैसे घेऊन उलगडून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

मदत मागताना शेवटच्या चांगल्या बॅकअपची तारीख, टूलच्या आवृत्त्या, पूर्ण लॉग, एक्झिट कोड, क्रॉनटॅबची ओळ आणि डीएफ व यूलिमिटचं आउटपुट द्या. पाठवण्याआधी लॉगमधून की आणि पासफ्रेज काढून टाका, कारण तपशीलवार लॉगमध्ये त्या कधी कधी तशाच छापलेल्या असतात.